एका ओळीत बसणारा फायर अलार्म नको: इमारतींच्या मालकांना आणि व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
इमारतींचे मालक, व्यवस्थापन समित्यांचे पदाधिकारी, वास्तुरचनाकार आणि फायर अलार्मच्या खरेदीवर सही करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार, वि. वि.

इमारतीच्या कामाच्या यादीत एक ओळ असते: ‘फायर अलार्म सिस्टीम, संपूर्ण, १ काम’. फरशी कोणत्या प्रतीची, काच किती जाडीची, लिफ्ट किती वेगाची याला पानेच्या पाने दिलेली असतात. आग लागल्याचे आतल्या माणसांना कसे कळणार, याला ती एक ओळ. मग ज्याचा दर सर्वांत कमी तो येतो आणि जे पॅनेल (सगळे इशारे जिथे दिसतात ती मुख्य पेटी), जे डिटेक्टर, जे हूटर त्याने मागच्या इमारतीत लावले तेच इथेही लावतो. मागची इमारत गोदामाची होती आणि ही रुग्णालयाची आहे, याची आठवण त्याला कुणी करून देत नाही. ताबा घेताना एक एमसीपी (आग दिसल्यावर माणसाने हाताने दाबायची भिंतीवरची पेटी) दाबला जातो, हूटर वाजतो, कागदावर सह्या होतात.

त्या कागदावर तुमच्या सहीशेजारी आमचीही सही असते. आम्ही या यंत्रणा बसवणारे, चालू करून देणारे आणि पुढे त्यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ. ‘रात्री दोनला आग लागली तर शेवटच्या खोलीतल्या माणसाला जाग येईल’ असा त्या सहीचा अर्थ असतो. तो अर्थ खरा नसतानाही सही मागितली जाते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. या इमारतींत राहणाऱ्या, शिकणाऱ्या, उपचार घेणाऱ्या लोकांनीही ते वाचावे आणि आपापल्या छताकडे एकदा पाहावे.

१. यंत्रणेचा प्रकार इमारत पाहून ठरत नाही

कन्व्हेन्शनल आणि ॲड्रेसेबल यांतला फरक दरपत्रकात फक्त किमतीचा दिसतो. खरा फरक आहे तो आगीपर्यंत माणूस किती लवकर पोहोचतो याचा.

कन्व्हेन्शनल पॅनेलला इमारत झोनपुरतीच, म्हणजे पाडलेल्या भागांपुरतीच, कळते. एका झोनच्या दोन तारांवर समजा २० डिटेक्टर आहेत. त्यांतल्या कोणत्याही एकाने धूर पकडला तरी पॅनेलवर दिवा एकच लागतो, ‘झोन ३’. नेमकी खोली सापडायला सुरक्षारक्षकाला तो झोन पायी पालथा घालावा लागतो. म्हणूनच ब्रिटिश मानक बीएस ५८३९-१ झोनला मर्यादा घालते: क्षेत्रफळ २,००० चौरस मीटरच्या आत, आणि झोनमध्ये शिरल्यापासून आग नजरेस पडेपर्यंतचे चालणे ६० मीटरच्या आत. लहान कार्यशाळा, एक-दोन मजल्यांचे कार्यालय, मोजक्या वर्गांची शाळा अशा ठिकाणी चार किंवा आठ झोनचे कन्व्हेन्शनल पॅनेल अगदी पुरते. ते घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण पाच मजल्यांच्या, कुलूपबंद खोल्यांच्या वसतिगृहात ‘झोन ३’ एवढ्याच माहितीवर रात्री धावाधाव करायला लावणे ही चूक आहे.

ॲड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक डिटेक्टरला, एमसीपीला, मॉड्यूलला (इतर यंत्रे पॅनेलशी जोडणाऱ्या डबीला) स्वतःचा क्रमांक असतो. केबल पॅनेलमधून निघते, सगळ्या उपकरणांना भेटते आणि परत पॅनेलमध्ये येते, हाच लूप. बनावटीनुसार एका लूपवर शंभरेकपासून अडीचशेपर्यंत उपकरणे बसतात. केबल एका जागी तुटली तर पॅनेल दोन्ही टोकांकडून विचारपूस करते आणि एकही उपकरण हरवत नाही. शॉर्ट झाला तर दोन आयसोलेटरच्या (बिघडलेला तुकडा तोडून वेगळा करणाऱ्या उपकरणांच्या) मधला तुकडा तेवढा बाजूला पडतो, बाकी लूप चालू राहतो.

हे सारे लूप नीट ओढला तर. पैसे वाचवायचे ठरले की सर्वांत आधी आयसोलेटर कापले जातात, आणि मग एका शॉर्टने पूर्ण इमारत आंधळी होते. किमान प्रत्येक झोनच्या सीमेवर एक आयसोलेटर हवाच. दुसरी कसर होते ती परतीच्या केबलमध्ये: जाणारी आणि येणारी केबल एकाच पाइपातून नेतात. ड्रिल त्या पाइपात घुसले की दोन्ही एकदम तुटतात आणि पुढची सगळी उपकरणे पॅनेलपासून सुटतात. लूपचे पैसे मोजून पदरात पडते ती साधी एकेरी तार.

आणि क्रमांकाला नाव द्या. ‘लूप २, उपकरण ४७’ हे वाचून रात्रपाळीच्या माणसाला काहीही कळत नाही. ‘दुसरा मजला, पूर्व जिना, कागदपत्रांची खोली’ असे लिहिलेले हवे. पॅनेलमध्ये ही नावे भरायला एखादा दिवस लागतो. तो दिवस कामाच्या वेळापत्रकात धरलेला नसतो, म्हणून कित्येक पॅनेल वर्षानुवर्षे नुसते आकडे दाखवत उभी आहेत.

२. यंत्रणा कशासाठी, हेच लिहिलेले नसते

माणसांसाठी की मालमत्तेसाठी, हा पहिला प्रश्न आहे. बीएस ५८३९-१ मध्ये त्यासाठी सरळ वर्ग आहेत. एम म्हणजे फक्त एमसीपी, डिटेक्टर नाहीत. एल म्हणजे जीवरक्षणासाठी: एल४ मध्ये फक्त जिने आणि बाहेर पडण्याचे मार्ग, एल३ मध्ये त्या मार्गांवर उघडणाऱ्या खोल्याही, एल२ मध्ये त्यांच्या जोडीला ठरवलेल्या धोक्याच्या जागा, एल१ मध्ये संपूर्ण इमारत. एल५ एखाद्या विशिष्ट गरजेपुरता आखलेला. पी१ आणि पी२ मालमत्तेसाठी. तुम्ही कोणतेही मानक वापरा, पण कामाच्या कागदावर वर्ग लिहिलेला नसेल तर ‘संपूर्ण’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. एल४ बसवणाराही ‘संपूर्ण’च म्हणतो, आणि मग ज्या बंद खोलीत आग धुमसते तिथला धूर जिन्यापर्यंत येईतो जिना वापरण्याजोगा राहत नाही.

३. झोपलेल्या माणसाचा विचार कुणी करत नाही

हॉटेल, वसतिगृह, वृद्धाश्रम: या इमारतींबद्दल आमची तक्रार सर्वांत तीव्र आहे. इथे कॉरिडॉरमध्ये एक मोठा हूटर लावतात आणि काम झाले म्हणतात. आता हिशेब करा. हूटरपासून १ मीटरवर आवाज १०० डेसिबल. अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ८ मीटरवर ८२. मध्ये साधा बंद दरवाजा असेल तर आणखी सुमारे २० जातात, आगरोधक दरवाजा असेल तर ३० च्या आसपास. उशीशी पोहोचतात ६२ किंवा ५२. झोपलेल्याला उठवायला उशीपाशी ७५ डेसिबल हवेत, हे ब्रिटिश मानकही सांगते आणि अमेरिकेचे एनएफपीए ७२ सुद्धा. थोडक्यात, आवाज खोलीच्या आत निर्माण व्हायला हवा. डिटेक्टरच्या बेसमध्येच हूटर असलेली उपकरणे याचसाठी मिळतात. कॉरिडॉरमधला हूटर आणखी कर्कश घेऊन हा प्रश्न सुटत नाही, फक्त दारासमोरून जाणाऱ्याचे कान बधिर होतात.

आवाजाची पट्टीही महत्त्वाची. नेहमीचे हूटर ३,००० हर्ट्झच्या आसपास, चिरक्या पट्टीत वाजतात. वय वाढले की माणसाची श्रवणशक्ती आधी नेमक्या वरच्या पट्टीतच कमी होते. एनएफपीए ७२ झोपण्याच्या जागांसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज मागते तो याच कारणाने. वृद्धाश्रमात चिरका हूटर लावणे म्हणजे ज्यांच्यासाठी तो लावला त्यांनाच तो सर्वांत कमी ऐकू जाणे.

ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्यासाठी चमकणारा दिवा आणि गादीखाली थरथरणारी चकती लागते. दिवा घेताना त्यावरचा ईएन ५४-२३ या युरोपीय मानकाचा संकेत वाचा. ‘डब्ल्यू-२.४-६’ म्हणजे भिंतीवर २.४ मीटर उंचीवर लावल्यास ६ बाय ६ मीटरची जागा उजळणारा. १० मीटर लांबीच्या सभागृहात असा एक दिवा लावून अपंगांची सोय केली असे लिहू नका.

४. रुग्णालयात सगळीकडे एकदम वाजणारा अलार्म

जिथले लोक स्वतःहून उठून चालू शकत नाहीत तिथे ‘सगळे बाहेर पळा’ असा अलार्म निरुपयोगी असतो, आणि अतिदक्षता विभागात तर घातक. रुग्णालयात आधी कर्मचाऱ्यांना कळायला हवे: प्रत्येक परिचारिका कक्षात रिपीटर पॅनेल (मुख्य पॅनेलवरचे तेच दाखवणारे दुसरे पॅनेल), पेजर किंवा सांकेतिक घोषणा. मग आग असलेल्या विभागातले रुग्ण त्याच मजल्यावर आगरोधक भिंतीपलीकडच्या विभागात हलवायचे, लागल्यास पुढे खाली. त्यासाठी झोनच्या सीमा आगरोधक भिंतींशी तंतोतंत जुळायला हव्यात. बहुतेक ठिकाणी झोन पाडलेले असतात केबल ओढायच्या सोयीने. एकच झोन भिंतीच्या दोन्ही बाजूंना पसरला की रुग्ण कोणत्या बाजूला न्यायचे हे पॅनेल सांगूच शकत नाही.

अलार्म झाला की चुंबकाने उघडे धरलेले आगरोधक दरवाजे सुटून बंद व्हायला हवेत, एएचयू (इमारतीत हवा खेळवणारे यंत्र) थांबायला हवा, हवेच्या डक्टमधले डॅम्पर म्हणजे झडपा मिटायला हव्यात, कुलूपबंद दारे उघडायला हवीत. कोणत्या डिटेक्टरने काय घडायचे याचा तक्ता, ज्याला आम्ही कॉज अँड इफेक्ट म्हणतो, तो डॉक्टर, परिचारिका आणि इमारतीचे अभियंते यांनी एकत्र बसून ठरवायचा असतो. सध्या तो पॅनेल चालू करणारा तंत्रज्ञ एकटाच ठरवतो, बहुधा ताबा देण्याच्या आदल्या दिवशी.

५. उंच इमारतीत फक्त भोंगा

उंच इमारतीत सगळे एकदम जिन्यात आले तर जिना तुंबतो. तिथे टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्याची व्यवस्था हवी: आग असलेला मजला आणि त्याच्या वरचा मजला आधी, बाकीच्यांना सावधानतेची सूचना. हे भोंग्याने जमत नाही, बोलणारी यंत्रणा लागते, तिचे ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि केबल आगीतही टिकणारी लागते, आणि मजल्या-मजल्यावर अग्निशमन दलासाठी फोन लागतो. मजल्यांमधून वर जाणाऱ्या दोन केबल एकाच शाफ्टमधून नेल्या तर दोन असून उपयोग नाही.

‘घरातच थांबा’ या धोरणावर, म्हणजे आग दुसऱ्या घरात असेल तर आपल्या घरातच राहायचे या हिशेबाने, बांधलेल्या निवासी टॉवरचा प्रश्न वेगळा आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागली तेव्हा, १४ जून २०१७ रोजी रात्री १२.५४ वाजता, अग्निशमन दलाला पहिला फोन गेला. घरात थांबण्याचा सल्ला मागे घेतला गेला २.४७ वाजता. पण बदललेला निर्णय सगळ्या घरांत एकदम पोहोचवणारी काहीच सोय त्या इमारतीत नव्हती. ७२ जणांचा जीव गेला. चौकशीच्या पहिल्या अहवालाने २०१९ मध्ये शिफारस केली की उंच निवासी इमारतींत अग्निशमन दलाला पूर्ण किंवा निवडक भागात बाहेर पडण्याचा इशारा देता यावा. त्याच वर्षी त्यासाठी बीएस ८६२९ हे स्वतंत्र मानक आले. लक्षात घ्या, ही यंत्रणा डिटेक्टरने आपोआप वाजत नाही. अग्निशमन दल पाहून, ठरवून, मजला निवडून ती वाजवते. तुमचा टॉवर उंच असेल तर ही सोय वेगळी मागा.

६. डिटेक्टर चुकीच्या जागी, चुकीच्या प्रकारचा

गोदामाबद्दल आधी सांगतो, कारण तिथली चूक सर्वांत महागात पडते. छत १०.५ मीटरच्या वर गेले की छतावरच्या नेहमीच्या स्मोक डिटेक्टरवर विसंबता येत नाही. धूर वर जाताना थंड होतो, आणि पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर असेल तर त्याच्या खालीच पसरून तरंगत राहतो. डिटेक्टर वर कोरडा, धूर खाली. इथे बीम डिटेक्टर (जागेच्या आरपार किरण सोडून त्यात धूर आला का पाहणारा) किंवा पाइपांतून हवा ओढून तपासणारी ॲस्पिरेटिंग यंत्रणा लागते. बीमची किरणरेषा दोन्ही बाजूंना ७.५ मीटरपर्यंतची जागा सांभाळते. पण ती ज्या खांबावर बसवली तो उन्हाने किंवा माल उचलणाऱ्या क्रेनने हलला की रेषा सुटते, म्हणून बीम पक्क्या बांधकामावर बसवायचा, पत्र्याच्या भिंतीवर नाही. त्या रेषेत माल रचला गेला की तो फॉल्ट दाखवत राहतो आणि कुणीतरी तो बंद करून टाकतो. रॅक उंच असतील तर रॅकच्या मधल्या पातळीवरही ॲस्पिरेटिंग पाइप न्यावे लागतात.

सर्व्हर रूममध्ये एसी हवा इतक्या वेगाने फिरवतो की सुरुवातीचा धूर पातळ होऊन छतापर्यंत पोहोचतच नाही. तिथे परतीच्या हवेच्या जाळीवर ॲस्पिरेटिंग पाइप हवा. गॅस सोडणारी आगविझव यंत्रणा असेल तर एका डिटेक्टरवर गॅस सुटता कामा नये, दोन वेगळ्या झोनमधल्या डिटेक्टरनी दुजोरा दिल्यावरच सुटावा.

स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर नको, हीट डिटेक्टर हवा, आणि तोही ठरावीक तापमानाचा. तापमान वाढण्याच्या वेगावर चालणारा डिटेक्टर भट्टीचे दार उघडल्याबरोबर वाजतो. बॉयलर रूममध्ये त्याहून वरच्या तापमानाचा. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्यांचा धूर, म्हणून हीट किंवा मल्टिसेन्सर (धूर आणि उष्णता दोन्ही जाणणारा). धूळ उडणाऱ्या कारखान्यात उष्णता जाणणारी लांब केबल चांगली टिकते. जुन्या वास्तूत भिंती फोडायच्या नसतील तर वायरलेस, पण त्याच्या प्रत्येक उपकरणातली बॅटरी बदलण्याचे वेळापत्रक आधी ठरवा. शाळेत एमसीपीवर उचलायचे पारदर्शक झाकण लावा आणि तासाची घंटा व अलार्म यांचे आवाज वेगळे ठेवा. घरात पॅनेल लागत नाही: प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, बाहेरच्या पॅसेजमध्ये आणि प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र स्मोक अलार्म, एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले, आणि बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षांनी बदललेले.

जागेची चूक प्रकाराइतकीच वाईट. सपाट छतावर स्मोक डिटेक्टरपासून खोलीचा कोणताही कोपरा ७.५ मीटरपेक्षा दूर नसावा, हीट डिटेक्टरला हेच ५.३ मीटर. भिंतीपासून अर्धा मीटर आणि एसीच्या हवेच्या तोंडापासून १ मीटर दूर. छताच्या उंचीच्या १० टक्क्यांपेक्षा खोल तुळई असेल तर तिला भिंत समजायचे. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्या आतही डिटेक्टर. अंतर्गत सजावटवाला नंतर येतो, नवीन पार्टिशन उभे करतो, आणि एका खोलीत दोन डिटेक्टर, शेजारच्या खोलीत शून्य अशी अवस्था होते. आराखडा बदलला की डिटेक्टरचा नकाशाही बदलायचा असतो, हे कुणी त्याला सांगितलेले नसते.

७. पॅनेलमध्ये लपवलेला रेझिस्टर

ही गोष्ट जरा जवळून पाहा, कारण ती तुम्हाला स्वतःला तपासता येते.

कन्व्हेन्शनल झोनच्या तारेच्या शेवटी, अगदी शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये (छताला लावलेल्या बैठकीत), बोटाच्या नखाएवढा एक रेझिस्टर लावलेला असतो. पॅनेलप्रमाणे त्याचे मूल्य बदलते, ४.७ किलोओहमचा असेल तर त्यावर पिवळा, जांभळा आणि लाल पट्टा दिसेल. २४ व्होल्टवर त्यातून सतत सुमारे ५ मिलिअँपिअर करंट वाहतो. हा करंट दिसतोय म्हणजे तार शेवटपर्यंत शाबूत आहे, असे पॅनेल समजते. करंट थांबला की फॉल्ट (बिघाडाचा इशारा), वाढला की अलार्म.

आता तार मध्येच कुठेतरी तुटली आहे, फॉल्ट सापडत नाही, आणि उद्या ताबा द्यायचा आहे. मग कुणीतरी तो रेझिस्टर शेवटच्या बेसमधून काढतो आणि पॅनेलच्या आत, त्या झोनच्या टर्मिनलवरच लावतो. पॅनेलला लगेच ५ मिलिअँपिअर दिसतात, हिरवा दिवा लागतो. त्या क्षणापासून त्या झोनची सगळी तार कुणी उपटून नेली तरी पॅनेल ‘नॉर्मल’च म्हणणार.

तपासणी सोपी आहे. तंत्रज्ञाला तुमच्यासमोर झोनमधला सर्वांत दूरचा डिटेक्टर बेसमधून फिरवून काढायला सांगा. पॅनेलसाठीच्या ईएन ५४-२ या युरोपीय मानकानुसार पॅनेलने १०० सेकंदांच्या आत फॉल्ट दाखवायला हवा. दाखवला नाही तर पॅनेलचे झाकण उघडायला लावा आणि टर्मिनलवर रेझिस्टर आहे का पाहा. मूळ तारेला मधूनच फाटा फोडला असेल तर त्या फाट्यावरचे डिटेक्टरही असेच पहाऱ्याबाहेर राहतात. म्हणून प्रत्येक डिटेक्टर काढून पाहायचा, फक्त एक नाही.

आणखी एक: रंगकामाच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी घालतात. इमारत वापरात येऊन वर्ष उलटले तरी त्या टोप्या तशाच राहिलेल्या दिसतात. टोपीखालच्या डिटेक्टरपर्यंत धूर पोहोचतच नाही, आणि पॅनेलला मात्र तो डिटेक्टर निरोगी दिसतो.

८. बॅटरी आणि केबल

वीज गेल्यावर यंत्रणा २४ तास शांत उभी राहून नंतर अर्धा तास वाजली पाहिजे, असा साधारण हिशेब धरतात. इमारत सुटीत बंद राहत असेल तर त्याहून जास्त. तुमच्या पॅनेलमध्ये सरसकट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या ठेवलेल्या असतात. त्या एकापुढे एक जोडून १२ चे २४ व्होल्ट होतात. क्षमता मात्र ७ च राहते, १४ होत नाही. समजा यंत्रणा शांत असताना ०.३५ अँपिअर घेते: २४ तासांचे ८.४. वाजताना १.८ अँपिअर: अर्ध्या तासाचे ०.९. जास्त करंट ओढला की बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, म्हणून हा भाग पावणेदोन पट धरायचा, १.५८. बेरीज ९.९८. बॅटरी जुनी होत जाते म्हणून त्यावर २५ टक्के: सुमारे १२.५. म्हणजे १२ ची सुद्धा पुरत नाही, पुढचा १७-१८ चा आकार घ्यावा लागतो. आणि तिथे ७ ची ठेवलेली आहे. या आकडेमोडीचा कागद किती ठेकेदारांनी तुम्हाला दिला?

केबलचेही तसेच. १.५ चौरस मिलिमीटरच्या केबलची प्रत्येक तार किलोमीटरला सुमारे १२ ओहम. २०० मीटरवरच्या हूटरसाठी जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे ४.८ ओहम. तिथले २० हूटर मिळून ०.६ अँपिअर घेत असतील तर वाटेतच जवळपास ३ व्होल्ट जातात. ताब्याच्या दिवशी वीज चालू असताना सगळे खणखणीत वाजते. बॅटरी २१ व्होल्टवर आली की शेवटचे हूटर कुजबुजतात. आगरोधक केबल प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली तर पट्ट्या वितळून केबल जिन्यात लोंबकळते आणि अग्निशमन दलाच्या जवानांच्या पायांत येते. क्लिपा धातूच्याच हव्यात.

९. ‘डिसेबल’ हा तोडगा नाही

खोटा अलार्म वारंवार आला की एक दिवस कुणीतरी तो झोन पॅनेलवरून डिसेबल, म्हणजे बंद, करतो किंवा हूटर बंद करून ठेवतो. पॅनेलवर पिवळा दिवा लागतो आणि तो कायमचाच लागलेला राहतो. खोट्या अलार्मला नेमके कारण असते: न्हाणीघराच्या दाराशी स्मोक डिटेक्टर, आत शिरलेले कीटक, साचलेली धूळ, सुतारकामाचा भुसा, फवारणी. प्रत्येक अलार्मची वेळ, उपकरण आणि त्या वेळी तिथे काय चालले होते, एवढे लिहून ठेवले तर पाच-सहा नोंदींत कारण सापडते. मग डिटेक्टर साफ करा, जागा बदला किंवा मल्टिसेन्सर लावा. खात्री करण्यासाठी थोडा विलंबही ठेवता येतो, पण एमसीपी दाबला तर विलंब लागू होता कामा नये.

देखभालीच्या नावाखाली पॅनेलचे दिवे तपासण्याचे बटण दाबून सही घेणारेही आहेत, आणि ते आमच्याच व्यवसायातले आहेत. त्यांना तुम्ही ठेवता, कारण तेही सर्वांत स्वस्त असतात.

आमच्या मागण्या

१. कामाच्या यादीतली ती एक ओळ काढा. तिच्या जागी इमारतीचा वापर, माणसे झोपतात का, स्वतः चालू शकतात का, यंत्रणेचा वर्ग, झोनचा नकाशा आणि कॉज अँड इफेक्टचा तक्ता लिहा. दर त्यानंतर मागवा.

२. आराखडा करणारा, बसवणारा आणि ताब्याआधी तपासणारा, निदान यांतला शेवटचा माणूस वेगळा ठेवा.

३. बॅटरी आणि केबलची आकडेमोड लेखी घ्या. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत दार लावून, उशीपाशी आवाज मोजून आकडा कागदावर घ्या.

४. ताबा घेताना प्रत्येक डिटेक्टर धूर किंवा उष्णता देऊन, प्रत्येक एमसीपी किल्लीने, आणि निम्मी तपासणी मुख्य वीज बंद करून करून घ्या. टोप्या मोजून परत घ्या.

५. दर आठवड्याला एक एमसीपी वाजवून पाहा, दर वेळी वेगळा. सहा महिन्यांच्या आत एकदा तंत्रज्ञाची तपासणी, आणि वर्षभरात एकूण एक उपकरण तपासून पूर्ण. बॅटरी लोडवर तपासा आणि साधारण चार वर्षांनी बदला.

६. पॅनेल प्रवेशाजवळ, अग्निशमन दल जिथून आत येईल तिथे ठेवा. कुलूपबंद खोलीत नाही. शेजारी इमारतीचा झोन नकाशा लावा.

७. कोणताही झोन बंद करायचा असेल तर कुणी, का, किती वाजता बंद केला आणि किती वाजता चालू होणार हे नोंदवहीत लिहिल्याशिवाय करू देऊ नका. तोवर त्या भागात माणसाची गस्त ठेवा.

हे पत्र वाचून झाल्यावर आपापल्या पॅनेलसमोर जाऊन उभे राहा. फॉल्टचा किंवा डिसेबलचा पिवळा दिवा लागलेला असेल तर आजची तारीख आणि तो झोन नोंदवहीत लिहा, खाली स्वतःची सही करा, आणि तंत्रज्ञाला आजच बोलवा.

कळावे,

फायर अलार्म बसवणारे, चालू करणारे आणि सांभाळणारे आम्ही तंत्रज्ञ